गोंदवून घेण्यापूर्वी

मराठीत या एका क्रियेची तीन रूपे आहेत. ‘गोंदणे’ हे गोंदणारणीचे काम. ‘गोंदवणे’ हे ढोबळमानाने ते करवणाऱ्याचे, म्हणजे बहुधा आईचे, आजीचे किंवा सासूचे. ‘गोंदवून घेणे’ हे मात्र जिच्या अंगावर सुई चालते तिचे स्वतःचे. मोल्सवर्थच्या कोशापासून (पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७) ‘गोंदणे’ हे क्रियापद मराठी कोशांत नांदते आहे. इंग्रजीतला ‘टॅटू’ हा शब्द त्या मानाने परका आणि नवा. कॅप्टन कुकचे जहाज १७६९ मध्ये ताहिती बेटावर गेले, तेव्हा तेथील ‘तताऊ’ हा शब्द युरोपीयांच्या नोंदवह्यांत आला आणि पुढे त्याचा ‘टॅटू’ झाला. म्हणजे युरोपला ज्या गोष्टीसाठी शब्द उसना आणावा लागला, तिच्यासाठी आपल्याकडे घरचे क्रियापद होते आणि त्यात कोण करतो, कोण करवतो आणि कोण सोसतो हा भेदही होता.

‘टॅटू काढण्यापूर्वी काय जाणून घ्यावे’ हा आजच्या शहरी तरुणाचा प्रश्न तिसऱ्या रूपातून आलेला आहे. शरीर माझे, निर्णय माझा, तेव्हा माहितीही मीच मिळवली पाहिजे, असे त्यामागचे गृहीतक असते. गोंदणाचा आपल्याकडील इतिहास मात्र बहुतांशी पहिल्या दोन रूपांचा आहे. तेथे जिच्या हातावर चिन्ह उमटले तिला आधी काही विचारले जात नसे. या दोन अवस्थांमधले अंतर मोजायचे, तर रायगड जिल्ह्याच्या आतल्या अंगाला असलेले कर्जत आणि खालापूर हे तालुके फार सोयीचे आहेत. मुंबईच्या लोकल गाड्या जेथे संपतात ती कर्जत आणि खोपोली ही स्थानके या तालुक्यांत आहेत, आणि त्याच स्थानकांवर रानभाज्या, करवंदे, जांभळे घेऊन उतरणाऱ्या-चढणाऱ्या ठाकर आणि कातकरी बायांच्या हातांवर, हनुवटीवर, कपाळावर जुने हिरवट गोंदण आजही दिसते. त्याच डब्यात एखाद्या तरुण मनगटावर यंत्राने कोरलेला नवा टॅटू असतो. दोन्ही मजकूर एकाच बाकावर बसून प्रवास करतात, पण आम्ही साहित्याचे वाचक-अध्यापक त्यांतला एकही फारसा वाचत नाही.

या प्रदेशाविषयी लिहिले गेले नाही असे नव्हे. कर्जत पूर्वी ठाणे जिल्ह्यात होते. पुढे ते कुलाब्यात आले आणि १९८१ मध्ये कुलाब्याचे नाव रायगड झाले. १८८२ च्या ठाणे गॅझेटिअरमध्ये कातकऱ्यांचे सोन आणि ढोर, ठाकरांचे ‘म’ आणि ‘क’ असे पोटभेद नोंदवलेले आहेत. कातकऱ्यांवर वेलिंग यांचे इंग्रजी पुस्तक १९३४ मध्ये, तर ठाकरांवर ल. ना. चापेकरांचे ‘ठाकूर्स ऑफ द सह्याद्री’ १९६० मध्ये आले. ही सारी मोलाची कामे आहेत, पण त्यांतून या माणसांची नावे आणि वर्ग बाहेरच्यांनी ठरवले, हेही विसरता येत नाही. ‘कातकरी’ हे नावच धंद्यावरून पडलेले आहे: खैराच्या लाकडाचा कात काढणारे ते कातकरी. १८७८ च्या वनकायद्यानंतर खैर तोडण्यावर निर्बंध आले, काताच्या भट्ट्या मंदावल्या, आणि नाव मागे उरले. पुढे कोळशाच्या भट्ट्या आणि वीटभट्ट्या आल्या, वर्षातले कित्येक महिने गावाबाहेर काढणारी स्थलांतरे आली. १९७५ मध्ये केंद्र शासनाने कातकऱ्यांचा ‘आदिम जमात’ म्हणून वेगळा वर्ग केला. महाराष्ट्रात कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह अशा तीनच जमाती आहेत. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी अंदाजाने घातलेली १ जून ही जन्मतारीख तर महाराष्ट्रातल्या कित्येक माणसांची आयुष्यभराची सोबतीण झाली. थोडक्यात, कागदावरची ओळख दुसऱ्याने लिहिली. अंगावरची ओळख तरी आपली होती काय, हा या लेखाचा प्रश्न आहे.

उत्तर सरळ ‘होय’ असे देता येत नाही. गोंदणारीण ही बहुधा फिरत्या जमातीतली बाई असे. सुगी उरकली, हातात चार दाणे आले, की ती वाडीवर येई. दोन-तीन किंवा अधिक सुया एकत्र बांधलेल्या, दिव्याची काजळी, ती कालवायला एखाद्या पाल्याचा रस किंवा बाळंतिणीचे दूध, आणि नंतर वर लावायला हळद, एवढाच तिचा सरंजाम. मोबदला पुष्कळदा धान्याचा. मुलगी सात-आठ वर्षांची किंवा लग्नाआधीच्या वयाची. एकीने हात धरायचा, दुसरीने बोलण्यात गुंतवायचे, आणि गोंदणारणीने गाणे म्हणत सुई चालवायची, अशी ही रीत महाराष्ट्रात सर्वत्र थोड्याफार फरकाने आढळते. चिन्हांचा संचही ओळखीचा आहे: एकेकटे ठिपके, तुळस किंवा तुळशीवृंदावन, विंचू, चंद्रसूर्य, कपाळावरचे कायमचे कुंकू, हनुवटीवरची कायमची तीट. यामागचे समजही सर्वत्र सारखेच सांगितले जातात. सोनेनाणे येथेच राहते, गोंदण तेवढे मेल्यावर बरोबर येते. दागिना चोराला नेता येतो, सावकाराला लिहून घेता येतो. गोंदणाला ना चोर हात लावू शकत ना सावकार.

हा शेवटचा समज आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या अंगावर डाग टिकत नसे, ज्यांची जमीन कुळकायद्याच्या आधीही आणि नंतरही बहुधा दुसऱ्याच्या नावावर राहिली, त्यांनी मालमत्तेची केलेली ही व्याख्या आहे. जे हिरावून घेता येत नाही तेच खरे आपले. काव्यशास्त्राच्या वर्गात आपण अलंकाराला ‘शोभा वाढवणारा बाह्य धर्म’ म्हणतो. गोंदणाच्या बाबतीत अलंकार आणि देह यांच्यातली ही सीमाच पुसलेली असते. शान्ता शेळक्यांना आपल्या एका कवितासंग्रहाला ‘गोंदण’ हे नाव द्यावेसे वाटले यात नवल नाही. कवितेने मनावर असेच उमटावे, ही कवीची इच्छा असते. मात्र कवितेचा वाचक पुस्तक मिटू शकतो, गोंदलेल्या मुलीला ती मुभा नव्हती.

म्हणून गोंदणाच्या परंपरेकडे केवळ हळवेपणाने पाहणे आम्हाला अपुरे वाटते. वेदना सोसण्याची ती तालीम होती, आणि ती पुष्कळ अंशी मुलींच्याच वाट्याला आली. पुरुषांच्या अंगावरही गोंदण असे, पण ते हातापुरते आणि हौसेचे. ‘न गोंदलेली बाई सासरी चालायची नाही’ किंवा ‘यमाच्या दारी जाब द्यावा लागेल’ असे धाक मुलींनाच घातले जात. पण या सक्तीच्या आतही एक शहाणपण होते. गोंदणारणीला कातडीचे ज्ञान होते. कोठे सुई किती खोल जावी, कोणत्या ऋतूत जखम चिघळते, कोणत्या जागी सूज येते, हे तिला अनुभवाने ठाऊक होते. शिवाय ती पुन्हा पुढच्या वर्षी त्याच वाडीवर येणार होती, त्यामुळे तिच्या हातून बिघडलेल्या कामाचा जाब विचारायला सगळी वाडी असे. ‘जाणून घेणे’ हे तेव्हा एकट्याचे नव्हते. ते समूहाने घेतलेले असे आणि समूहानेच लादलेलेही.

चिन्हांकडून अक्षरांकडे झालेला प्रवास हा या इतिहासातला सर्वांत लक्षणीय भाग आहे. १८५६ मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत पोहोचली आणि १८६३ मध्ये ती बोरघाट चढून गेली. बाजार, जत्रा, मजुरीसाठीचा प्रवास वाढला. खोपोलीजवळच्या साजगावात कार्तिकी एकादशीला भरणारी बोंबल्या विठोबाची यात्रा सुक्या मासळीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. कोकणातला मासळीवाला आणि डोंगरातला ठाकर तेथे एकमेकांना भेटतात. महाराष्ट्रातल्या अशा जत्रांतूनच पुढे गोंदणारणीच्या जागी यंत्र घेऊन बसणारा माणूस दिसू लागला. या यंत्राची वंशावळही वाचकांना रोचक वाटेल. एडिसनने १८७६ मध्ये कागदपत्रांच्या प्रती काढण्यासाठी विजेवर चालणारी लेखणी तयार केली. तिच्याच तत्त्वावर न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायलीने १८९१ मध्ये गोंदण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. लेखणीचेच यंत्र झाले, आणि त्या यंत्राने आपल्याकडे ठिपके आणि तुळशी यांच्याबरोबर अक्षरेही लिहिली.

ती अक्षरे म्हणजे बहुधा नावे. पुरुषाच्या हातावर स्वतःचे नाव, बाईच्या हातावर स्वतःचे, भावाचे किंवा नवऱ्याचे. नवऱ्याचे नाव तोंडाने घ्यायचे नाही, घ्यायचेच तर उखाण्यात गुंफून, असा दंडक असलेल्या समाजात जे नाव उच्चारायचे नाही ते हातावर लिहून मिरवायचे, यात एक गमतीदार विसंगती आहे. पण त्याहून खोल विसंगती पुढे आहे. हे नाव वागवणाऱ्या कित्येक बायांना अक्षरओळख नव्हती. आयुष्यभर स्वतःच्या कातडीवर बाळगलेला हा मजकूर त्यांना वाचता येत नसे. ऱ्हस्वदीर्घ चुकले, एखादे अक्षर गळले, तरी ते कळण्याचा मार्ग नव्हता. तुळस किंवा विंचू तिला वाचता येत होता, कारण ती तिची लिपी होती. देवनागरी मात्र दुसऱ्याची होती. साक्षरतेचा इतिहास लिहिताना आपण शाळा, छापखाने आणि वर्तमानपत्रे मोजतो. ज्या घरात एकही पुस्तक नव्हते त्या घरात शिरलेला पहिला देवनागरी मजकूर कदाचित घरातल्या बाईच्या मनगटावरून आला असेल, ही शक्यता त्या इतिहासात कोठेही आढळत नाही.

दुसऱ्याने लिहिलेल्या या अक्षरांचे एक भयंकर टोक वसाहतकाळात दिसते. १७९७ च्या चौथ्या रेग्युलेशनने बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांच्या गुन्ह्याचा तपशील गोंदवण्याची तरतूद केली. सरकारी दप्तरात या शिक्षेला ‘गोदना’ हाच देशी शब्द वापरला जाई. १८४९ मध्ये ती रद्द झाली. बाईच्या कपाळावरचे कुंकू आणि कैद्याच्या कपाळावरचा गुन्हा ही एकाच तंत्राने एकाच जागी केलेली दोन लेखने होत. याच्या नेमके उलट उदाहरण मध्य भारतात आहे. देवळात प्रवेश नाकारलेल्या छत्तीसगडमधील रामनामी समाजाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सर्वांगावर रामनाम गोंदवून घेतले. ज्यांना देवाच्या दारात उभे केले जात नव्हते, त्यांनी अंगाचेच देऊळ केले. एकच सुई एकीकडे सत्तेची मोहोर उठवते आणि दुसरीकडे सत्तेला उत्तर देते. कोणाच्या हातात सुई आहे आणि कोणाच्या इच्छेने ती चालते आहे, हे कळल्यावाचून गोंदणाचा अर्थ लागत नाही.

आजचे राज्य कोणाच्या कपाळावर गोंदवत नाही, पण गोंदणाची दखल अजूनही घेते. भारतीय लष्कराच्या भरतीच्या नियमांत कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत आणि हाताच्या पंजाच्या मागील बाजूस असलेले कायमचे गोंदण चालते. इतरत्र असेल तर उमेदवार अपात्र ठरतो. मात्र चालीरीतीनुसार चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदण असलेल्या जमातींतील उमेदवारांचा विचार प्रकरणागणिक केला जातो. या सवलतीचे आम्ही स्वागत करतो. तरीही तिच्यात एक पेच आहे. गोंदण ‘परंपरेने’ आले असेल तर चालेल, स्वतःच्या मनाने आले असेल तर नाही, असा तिचा आशय होतो. ज्याला निवड नव्हती त्याला माफी, ज्याने निवड केली त्याला नकार. कर्जतजवळच्या एखाद्या वाडीतल्या मुलाने मुंबईच्या दुकानात जाऊन आजीचीच नक्षी आपल्या दंडावर काढून घेतली, तर ती परंपरा मानायची की हौस? नियमाच्या चौकटीत या प्रश्नाला जागा नाही.

प्रश्न काल्पनिक वाटेल, कारण असे मूल आज विरळाच. गोंदणावर आपल्याकडे कधी सरसकट बंदी आली नाही. जपानने १८७१ मध्ये ऐनू स्त्रियांच्या गोंदणावर आणि १८७२ मध्ये देशभरच्या गोंदणावर बंदी घातली. ती १९४८ मध्ये उठली. सह्याद्रीच्या पायथ्याशी बंदीची गरजच पडली नाही. शाळेतल्या थट्टेने आणि ‘अडाणी’ या एका विशेषणाने ते काम केले. लेकीला गोंदवायचे नाही, असे आयांनीच ठरवले. त्या निर्णयात शहाणपण होते हे मान्य केले पाहिजे. लेकीचा हात सोडवणारी ती पहिली पिढी होती. पण त्याच सुमारास, १९८० च्या दशकापासून, पाश्चात्त्य शहरांत बोर्निओ आणि पॉलिनेशियातील नक्ष्यांवर बेतलेली काळी, टोकदार ‘ट्रायबल’ शैली लोकप्रिय झाली आणि पुढे आपल्या शहरांतही आली. द्रुतगती मार्गाने खालापूरच्या शेतघरांकडे सुट्टीसाठी जाणाऱ्या दंडावर दूरच्या बेटावरची आदिवासी नक्षी असते, आणि त्याच शेतघरात राबणारी ठाकर बाई आपले गोंदण पदराखाली झाकते. कोणाचे आदिवासीपण मिरवायचे आणि कोणाचे लपवायचे, हे बाजार ठरवतो आहे.

या साऱ्याचे जतन करावे काय? करावे तर कसे? ओवीचे उदाहरण जवळचे आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमा झाल्या. त्यांतल्या पुष्कळ कर्जत-खालापूरच्या माथ्यावर असलेल्या मावळ-मुळशीतल्या आहेत, आणि २०१७ पासून त्या सर्वांना ऐकता-वाचता येतात. जाते थांबले तरी ओवी उरली, कारण ओवी गाणाऱ्या बाईपासून वेगळी काढता येते. गोंदण तसे काढता येत नाही. ते देहाबरोबर मातीत जाते. आल्प्सच्या बर्फात १९९१ मध्ये सापडलेल्या, सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’च्या कातडीवरच्या ६१ खुणा आज मोजता येतात, त्या बर्फामुळे. कोकणच्या मातीत ती सोय नाही. चिन्हे कागदावर उतरू शकतात हे खरे. बिहारमधील जितवारपूरच्या दुसाध जातीतील चानो देवी यांनी १९७० च्या दशकात गोदण्याची नक्षी कागदावर आणली आणि मधुबनी चित्रकलेत तिची स्वतंत्र शैली झाली. वारल्यांचे चित्र भिंतीवरून कागदावर आले, तसाच हा प्रवास. कर्जतच्या वाड्यांवर असे कोणी चानो देवी उभे राहील की नाही, हे त्या वाड्यांनी ठरवायचे आहे.

येथे शरीरशास्त्रातला एक अलीकडचा शोध नोंदवण्याजोगा आहे. गोंदण कायमचे का राहते? रंगाने डागलेली पेशी आयुष्यभर तशीच राहते, असा पूर्वी समज होता. २०१८ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी उंदरांवरील प्रयोगांतून वेगळे दाखवले. त्वचेतल्या मॅक्रोफेज नावाच्या भक्षकपेशी रंगाचे कण गिळून बसतात. त्या मरतात तेव्हा कण मोकळे होतात, आणि त्यांच्या जागी आलेल्या नव्या पेशी तेच कण पुन्हा उचलून घेतात. चिन्ह स्थिर दिसते, पण ते धरून ठेवणारे सतत बदलत असतात. ही साखळी एका देहाच्या आत अखंड चालते. एका देहाकडून दुसऱ्या देहाकडे जाणारी साखळी मात्र माणसांनी धरायची असते, आणि ती सुटण्याच्या बेतात आहे.

तेव्हा गोंदवून घेण्यापूर्वी काय जाणून घ्यावे? प्रथम देहापुरते. सुई नवी आणि एकदाच वापरायची असावी, शाईची बाटली दहाजणांत फिरलेली नसावी. कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्ही हे धोके सुईवाटे येतात, आणि जत्रेतल्या यंत्राला ते जितके लागू आहेत तितकेच झगमगीत दुकानालाही. गोंदवल्यावर बारा महिने रक्तदान करता येत नाही, असे राष्ट्रीय रक्तसंक्रमण परिषदेचे २०१७ चे निकष सांगतात. लेसरने गोंदण फिकट होते, काळी शाई इतर रंगांपेक्षा लवकर हटते, पण त्याला अनेक बैठका, वेदना आणि पैसा लागतो. कातडी पूर्वीसारखी होईलच असे नाही. सैन्यात जायचे असेल, तर जागा आधी ठरवावी.

त्यानंतर अर्थापुरते. जी नक्षी आपण घेतो आहोत ती कोणाची, तिच्या मूळ धन्यांना ती अंगावर मिरवता येते की लपवावी लागते, आणि ती आपण वाचू शकतो काय? परक्या लिपीतला शब्द न वाचता अंगावर घेणारा पदवीधर आणि नवऱ्याचे नाव न वाचता हातावर वागवणारी निरक्षर बाई यांत फरक एवढाच, की तिला पर्याय नव्हता.

आणि जे गोंदवून घेणार नाहीत, केवळ वाचणार किंवा नोंद करणार आहेत, त्या आमच्यासारख्यांनाही हा प्रश्न लागू आहे. विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्यासाठी कर्जत-खालापूरच्या वाड्यांवर नेणाऱ्या अध्यापकांनी हे आधी सांगावे: एकदा या हातांना न विचारता त्यांच्यावर लिहिले गेले, दुसऱ्यांदा न विचारता त्यांची छायाचित्रे काढू नयेत. समोरच्या आजींना ‘हे कसले चिन्ह?’ असे विचारण्याआधी ‘हे गोंदले तेव्हा तुम्ही केवढ्या होता, आणि हात कोणी धरला होता?’ असे विचारावे. उत्तर मिळाले तर लिहून घ्यावे. त्यांना सांगायचे नसेल, तर वही मिटून त्यांच्याजवळ नुसते बसावे.